शाश्वत पर्यटनवाले

बारवेच्या तिसऱ्या पायरीवर कमोड पडलेला दिसला आणि सहदेवरावांचं डोकं सणकलं.

साधी घाण असती तर ते नेहमीसारखे नाक मुरडून, दोन शब्द हवेत सोडून पुढे गेले असते. चिंचखेर्ड्याच्या बारवेत घाण पडणं काही नवं नव्हतं. प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोलची मखरं, लग्नातल्या पत्रावळी, फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे, कापूस बाहेर आलेला कुणाचा तरी सोफा, हे सगळं त्या बिचारीनं वर्षानुवर्षं पोटात घेतलं होतं. पण हा कमोड होता. पाश्चात्त्य पद्धतीचा, आकाशी रंगाचा, काठाला तडा गेलेला. गावात असे संडास दोनच घरी होते. एक सहदेवरावांकडे, सत्यभामाबाईंच्या गुडघ्यांमुळे बसवलेला, आणि दुसरा सरपंचांकडे. सहदेवरावांनी आधी घरी जाऊन खात्री करून घेतली. आपला जागेवर होता.

मग ते तरातरा सरपंचांच्या घराकडे निघाले. सरपंच पुष्पाबाई. सह्या त्या करत, पण बोलायचं त्यांच्या नवऱ्याशी, ज्ञानेश्वरशी, अशी गावात रीत पडून गेली होती. ज्ञानेश्वर ओट्यावर बसून चहा पीत होता.

"ज्ञानेश्वर, बारवेत संडासाचं भांडं टाकते काय बे? लाज आहे का नाही?"

"बसा मामा, चहा घ्या. भरूनच टाकायची हाय ना ते बारव. ठराव झाला. म्या फक्त सुरुवात केली."

बारव बुजवून तिथे पार्किंग करायचं आणि पार्किंगच्या कडेनं गाळे काढायचे, असा तो ठराव होता. ज्ञानेश्वरनं अगदी प्रेमानं समजावून सांगितलं. "लोणारले एवढ्या गाड्या जातात मामा, अन एक गाडी अठी थांबत नाही. काऊन? त गावात पार्किंग नाही."

"थांबून पाहतीन काय ते?"

"ते पार्किंग झाल्यावर पाहू ना."

गावात पाहण्यासारखी गोष्ट एकच. ती बुजवायची, तिच्या डोक्यावर गाड्या उभ्या करायच्या आणि त्या गाड्यांतून उतरणाऱ्या माणसांना मोबाईलचे कव्हर आणि चिप्सची पाकिटं विकायची. याला हा माणूस पर्यटन म्हणत होता! चहा न घेता सहदेवराव परत आले, आणि चिंचखेर्ड्यात चहा न घेता परत येणं म्हणजे भांडण जाहीर करणंच होय.

त्यांनी सरकारकडे धाव घेतली. एका कार्यालयानं सांगितलं की ही वास्तू नाही, कारण हिच्यात पाणी आहे, तुम्ही पाण्याच्या कार्यालयात जा. पाण्याच्या कार्यालयानं सांगितलं की ही विहीर नाही, कारण हिला पायऱ्या आहेत, तुम्ही वास्तूवाल्यांकडे जा. तिसऱ्या ठिकाणी एका साहेबांनी नकाशा पसरला, चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ बोट फिरवून सांगितलं की त्या जागी बारवच नाही.

"मग बुजवायचा ठराव कशाचा झालाय?" सहदेवरावांनी विचारलं.

"नसलेली बारव बुजवायला आमची काही हरकत नाही," साहेब म्हणाले आणि नकाशाची घडी घालू लागले.

ग्रामसभेत सहदेवरावांनी बारवेच्या भिंतींतल्या दगडी देवळ्यांवर, तळाच्या झऱ्यावर आणि पूर्वजांवर लांबलचक भाषण केलं. ज्ञानेश्वर शांतपणे उभा राहिला. "मामा म्हणतात, लोकं बारव पाहायले येतीन. चांगली गोष्ट हाय. मामा, एक गाडी भरून पुण्या-मुंबईची माणसं आणा. त्यायनं म्हटलं का पाहण्यासारखी हाय, त भराव रद्द. नाहीतर पोळा झाला का मुरमाचे ट्रॅक्टर सुरू." टाळ्या त्याला पडल्या. बारव जाणार याच्याइतकंच हेही सहदेवरावांना लागलं.

गाडीभर माणसं आणायची कुठून, याचं उत्तर समतानं शोधलं. समता त्यांची एकुलती एक मुलगी. जवळच्या बीबी गावातल्या शाळेत विज्ञान शिकवायची, रोज स्कूटीनं जा-ये करायची, आणि गावाच्या मते तिचं लग्नाचं वय कधीच निघून गेलं होतं. समताच्या मते ते अजून आलं नव्हतं. तिनं मोबाईलवर पुण्याचा एक गट हुडकला. जुन्या बारवा पाहत हिंडणारी माणसं होती ती. गटाच्या प्रमुख दीपमालाताईंनी फोनवर फार गोड आवाजात समजावलं.

"काका, आम्ही शाश्वत पर्यटन करतो. गर्दी नाही, प्लास्टिक नाही, गाव जेवेल ते आम्ही जेवणार. फक्त एक आहे. गावालाच आपल्या जागेबद्दल आस्था नसेल तिथे आम्ही लोकांना नेत नाही. गावानं स्वतःच्या हातानं बारव साफ केलेली दिसली, तर लोणारच्या वाटेवर आम्ही चिंचखेर्डं थांबा म्हणून कायमचं धरू. मजूर लावून केलेली सफाई आम्हाला लगेच ओळखू येते हं."

पोळ्याच्या आधीचा रविवार ठरला. आता गावाला कामाला लावायचं तेवढं बाकी होतं, आणि ते सहदेवरावांना अगदीच सोपं वाटलं. त्यांची उभी नोकरी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून गेली होती. कर्ण्यावरून एकदा पुकारा केला की माणसं सामान घेऊन धावत सुटतात, हा त्यांचा आयुष्याचा अनुभव. तो गाडी पकडणाऱ्या माणसांचा अनुभव होता, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मारुतीच्या देवळातला भोंगा लावून त्यांनी खणखणीत आवाजात पुकारलं, "ग्रामस्थांनी लक्ष द्यावे! शाश्वत पर्यटनाच्या माध्यमातून वारसा संवर्धनाकरिता लोकसहभागातून श्रमदानाचे आयोजन करण्यात आले आहे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बारवेवर तिघं जण होती. स्वतः सहदेवराव, गुडघ्यांमुळे दगडावर बसून राहिलेल्या सत्यभामाबाई, आणि शेजारचे नारायणराव. नारायणराव श्रमदानाला आले नव्हते. सहदेवराव चिखलात उतरले म्हणजे कुठे पळून जाऊ शकणार नाहीत, निवांत बोलता येईल, म्हणून आले होते. त्यांनी सल्ला द्यायला सुरुवात केली.

"जेसीबी लावा."

"जेसीबीनं पायऱ्या फुटतीन, नारायणराव."

"मंग राहू द्या." थोडा वेळ तंबाखू मळून झाली. "तळाले हंडा हाय म्हणून उठवून द्या. एका दिवसात साफ होईन पाहा."

"अन हंडा नाही निघाला त?"

"त साफ त झालीच ना." पुन्हा तंबाखू. "नाहीतर एखाद्या बुवाले स्वप्न पडलं म्हणा. पण मंग तो बुवा उठत नाही अठून, ते एक हाय."

दुपारपर्यंत सहदेवरावांनी एकट्यानं तीन टोपल्या गाळ काढला आणि कमरेत भरलेली उसण घेऊन ते घरी आले. अंगणात पाय धूत असताना कंपाउंडच्या भिंतीपलीकडून शालूबाईंनी डोकं वर काढलं. शालूबाई म्हणजे चिंचखेर्ड्याचा दुसरा भोंगा, आणि पहिल्यापेक्षा जास्त चालणारा.

"काय हो भाऊ, कायची एवढी धावपळ चालू हाय?"

"रविवारी पाहुणे येऊन राह्यले."

"कुठचे?"

"पुण्याचे. शाश्वत पर्यटनवाले."

"कायले?"

"पाहायले!" सहदेवराव खेकसले. कमर ठणकत होती, सकाळपासून बारव-बारव करून तोंड दुखत होतं, म्हणून तेवढा एक शब्द त्यांनी गाळला. त्याच वेळी समता स्कूटी लावून अंगणात आली. शालूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, सहदेवरावांकडे पाहिलं, आणि "बरं झालं बाप्पा, लय बरं झालं!" म्हणून धुणं तसंच बादलीत टाकून त्या कुठेतरी गेल्या. सहदेवरावांना त्यात काही वावगं वाटलं नाही. शालूबाई अधूनमधून अशा जातच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बारवेवर गेले आणि बघतच राहिले. अर्धं गाव तिथे होतं. फावडी, टोपल्या, खराटे, विळे घेऊन माणसं कामाला भिडली होती. बायकांची रांग लागली होती आणि गाळाची टोपली हातोहात वर येत होती. भावाभावांत बांधावरून बोलणं बंद होतं ते दोघे एका सोफ्याचे दोन पाय धरून वर चढत होते. आणि ज्ञानेश्वर, खुद्द ज्ञानेश्वर, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून आपला कमोड खांद्यावर घेऊन गावादेखत घराकडे चालला होता.

"भोंग्याचा परिणाम जरा उशिरानं होते," सहदेवराव सत्यभामाबाईंना म्हणाले. त्यांची छाती भरून आली होती. आपल्या भाषेत ताकद आहे हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतंच. दिवसभर ते काठावर उभे राहून गाड्या सोडाव्यात तसे टोपल्या सोडत होते. दुपारी नारायणराव जवळ येऊन खाजगी आवाजात म्हणाले,

"सहदेवराव, हे शाश्वत म्हणजे नेमकं काय हो?"

शेवटी एकानं तरी विचारलं! सहदेवरावांनी घसा साफ केला. "शाश्वत म्हणजे कायम."

"कायम हाय ना? कंत्राटी नाही?"

"छे छे! कायमस्वरूपी. हीच त त्याची खुबी हाय."

नारायणरावांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "अन स्वभावानं कसं काय?"

प्रश्न जरा विचित्र होता, पण सहदेवरावांनी अडाणी माणसाच्या कुतूहलाची कदर करायची ठरवलं. "कोणाले त्रास नाही. घाण नाही, गोंधळ नाही. दारूच्या बाटल्या त बिलकुल चालत नाहीत. जठी जाते तठच्या लोकायले सांभाळून घेते."

"वा! असंच पाहिजे. अन हे पर्यटनवाले..." नारायणराव अडखळले, "आपल्यातलेच ना?"

"त्यात जातपात काही नसते, नारायणराव."

नारायणरावांनी मळलेली तंबाखू सावकाश तोंडात टाकली. मग त्यांनी सहदेवरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "असू द्या. आजकाल चालते. आमी तुमच्या संग हाओत." सहदेवरावांचे डोळे पाणावले. वारशाबद्दल इतकी खोल जाण या माणसात असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी नारायणरावांच्या पत्नी रुक्मिणीबाई पदराखाली काहीतरी घेऊन आल्या. मोरपंखी साडी होती. "समताले रविवारी हे नेसवजा. तिच्या रंगाले खुलून दिसन. अन पोहे मी करीन, तुमच्या गुडघ्यानं तुमाले उभं राहवणार नाही. शाश्वतले तिखट चालते का, तेवढं इचारून ठेवजा."

"कोणाले?" सत्यभामाबाई म्हणाल्या.

"शाश्वतले. पोराले."

सगळं उलगडायला मग फार वेळ लागला नाही. पुण्याचे पर्यटनवाले म्हणून एक बडं घराणं आहे, त्यांचा शाश्वत नावाचा मुलगा कायम नोकरीत आहे, निर्व्यसनी आहे, आणि रविवारी तो समताला पाहायला येतो आहे, हे चिंचखेर्ड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त मुलीच्या घरच्यांना ठाऊक नव्हतं.

"अन बारव कायले साफ करून राह्यले मग?" सहदेवरावांनी भिंतीला टेकत विचारलं.

"भाऊ, असं काय करता? पाहुणे उतरणार फाट्यावर. तठून तुमच्या घरी याले वाट एकच, बारवेवरून. वास आला, पाहुण्यानं नाक धरलं, का संपलं. गावाच्या पोरीची गोष्ट हाय हे. ज्ञानेश्वरच्या बहिणीचं स्थळ असंच गेलं नव्हतं काय? तोच सांगत होता सगळ्यायले सकाळी, का आता या पोरीले माह्या कमोडापायी नकार नाही येऊ देणार."

रुक्मिणीबाई गेल्या आणि सहदेवरावांचा संताप उफाळला. काय हे गाव! पूर्वजांसाठी एक माणूस हलला नाही. पाण्यासाठी हलला नाही. इतिहास, कला, संस्कृती, पर्यावरण, सगळं सांगून झालं, घसा बसला, कमर गेली, आणि कोणी ढुंकून पाहिलं नाही. आणि एका प्लेट पोह्यांसाठी अख्खं गाव गुडघाभर चिखलात उतरलं! बरं, उतरलं तेही मायेनं उतरलं होतं, त्यामुळे धड शिव्याही देता येईनात, आणि याचाच त्यांना सगळ्यात जास्त राग आला.

"मी आत्ताच्या आत्ता सांगून येतो," ते चप्पल शोधू लागले.

समता आतून आली. ती हसत असेल असं त्यांना वाटलं होतं, पण ती विचार करत होती. "बाबा, खालच्या पायऱ्या अजून राह्यल्या आहेत. आज सांगितलं तर उद्या तिथे तुम्ही आणि नारायणकाकांची तंबाखू. रविवारपर्यंत गप्प राहा."

"अन रविवारी पाहुणे निघून गेले का? लोकं काय म्हणतीन? पोरगी पाहिली अन नकार दिला म्हणतीन!"

"म्हणू देत."

"कोणी नकार दिला? शाश्वतनं? तो जन्मलाच नाही अजून! नसलेल्या पोरानं माझ्या पोरीले नाकारायचं? अन मी ते ऐकून घ्यायचं?" सहदेवरावांचा आवाज चिरकला. बारव त्यांना हवी होती, फार हवी होती. पण समताचं नाव असं गावभर टाकून ती त्यांना नको होती. मुलीच्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून ते चप्पल न घालताच देवळाकडे निघाले.

भोंगा लावला. सोप्या भाषेत बोलायचं त्यांनी ठरवलं होतं. "ऐका! रविवारी माझ्या मुलीले पाहायले कोणीही येऊन राह्यलं नाही. येणारे पाहुणे फक्त बारव पाहतीन अन परत जातीन. कोणी गैरसमज करून घेऊ नये!"

गावानं ऐकलं आणि गावाची खात्रीच पटली. ठरल्याशिवाय कोणता बाप हो म्हणतो? नजर लागू नये म्हणून सगळेच नाही म्हणतात. पण भोंग्यावरून नाही म्हणतात म्हणजे स्थळ फारच मोठं असलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी उरलेलं अर्धं गावही बारवेवर आलं. रविवार उजाडेपर्यंत पायऱ्या घासून झाल्या, देवळ्यांतली जाळी निघाली, तळाचा झरा मोकळा होऊन पाणी चढू लागलं, आणि फाट्यापासून बारवेपर्यंत सडा पडला. सहदेवराव भेटेल त्याला अडवून "अरे खरंच नाही" म्हणत होते आणि भेटेल तो त्यांना डोळा मारत होता.

रविवारी गाडी आली. तिच्यातून दीपमालाताई आणि त्यांच्याबरोबर निवृत्तीच्या वयाची चार-पाच माणसं उतरली, आईवडील, मामा, आत्या म्हणून सहज खपतील अशी. तरुण माणूस एकच होता, गळ्यात कॅमेरा अडकवलेला. गावातल्या टोपीवाल्या मंडळींनी त्याला चहूबाजूंनी न्याहाळलं. त्याचं नाव हर्षल आहे असं कळल्यावर जरा गडबड झाली, पण नारायणरावांनी ती मिटवली. "घरचं नाव असन. मोठ्या लोकायत दोन नावं असतात."

समता मोरपंखी साडी न नेसता रोजच्या कुडत्यात बारवेवर उभी होती आणि पाण्याची वाट, दगडांचे सांधे, कोनाडे असं सगळं पाहुण्यांना भराभर समजावत होती. पाहणाऱ्यांसमोर मुलीनं एवढं बोलावं हे काही बायकांना पटलं नाही. पण मुलगा मान डोलावत होता, त्यामुळे त्यांनी सोडून दिलं.

"हे सगळं गावानं स्वतःहून केलं?" दीपमालाताई भारावून म्हणाल्या.

"आपली समजून केलं ताई," नारायणराव म्हणाले. "आपल्या घरची पोरगीच समजा."

दीपमालाताईंनी डोळ्यांना रुमाल लावला. सहदेवरावांनी दात आवळले.

बारवेच्या पायऱ्यांवरच पोहे फिरले. हर्षलनं पहिला घास घेतला आणि शालूबाईंचा धीर सुटला. "मंग? पसंत हाय का?"

"एकदम पसंत!" हर्षल तोंडातल्या घासासकट म्हणाला. "माझं तर मत आहे, आजच ठरवून टाकू!"

गावात एकच गलका उसळला. कुणीतरी साखर आणायला पळालं. नारायणरावांनी पुढे होऊन हर्षलला मिठी मारली आणि "जावईबापू" म्हणून पाठ थोपटली. हर्षल पोह्यांची प्लेट सावरत म्हणाला, "जावई? अहो, माझं लग्न झालंय."

गलका थांबला. सगळ्यात आधी ज्ञानेश्वर उठला. "लग्न झालेलं हाय? अन पोरगी पाहायले आला बे?"

"कोणती मुलगी?"

"कोणती म्हणते!" ज्ञानेश्वरनं बाह्या सारल्या, चार जण त्याच्या मागे उभे राहिले, आणि पाहुण्यांतली मामा शोभणारी व्यक्ती गाडीच्या दिशेनं सरकू लागली. तेव्हा सहदेवरावांनी भोंग्याविनाच असा आवाज काढला की बारवेत तो दोनदा घुमला.

"बस्स! एक शब्द बोलू नोका कोणी. शाश्वत नावाचा पोरगा नाही. पर्यटनवाले आडनाव नाही. माझ्या पोरीले पाहायले कोणी आलं नाही, अन तिले कोणाले दाखवायले मी ठेवलीबी नाही. मी शंभर वेळा सांगितलं, तुमी ऐकलं नाही. उद्या कोणी म्हटलं का समताले नकार आला, त माझ्याशी गाठ हाय!" समतानं येऊन त्यांचा दंड धरला.

"मंग हे आले कायले?" रुक्मिणीबाईंनी साखरेची वाटी खाली ठेवत विचारलं.

"बारव पाहायले, काकू," समता म्हणाली.

कुणी कुणाकडे पाहीना. दीपमालाताईंना हळूहळू सगळं कळत गेलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे ही सफाई बारवेसाठी नव्हती," त्या हर्षलला म्हणाल्या. मग हात जोडून, अतिशय सौम्यपणे, "आम्हाला जरा आपसात बोलावं लागेल. पुण्याला जाऊन कळवतो."

कळवतो.

या शब्दाचा अर्थ चिंचखेर्ड्यात कुणाला सांगावा लागत नाही. ज्या घरात मुलगी आहे त्या प्रत्येक घरानं तो कधी ना कधी ऐकलेला होता. पोहे खाऊन, चहा पिऊन, हात पुसत म्हटलेला, आणि पुन्हा कधीच काही न कळवलेला. बायकांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकन गेलं.

"कळवतो?" रुक्मिणीबाई पुढे झाल्या. "काय कमी हाय आमच्या बारवेत?"

"तसं नाही हो..."

"मंग कसं? पायऱ्या पाहा, एक हाललेली नाही. पाणी पाहा, काचेवाणी हाय. अशी कोणाची हाय तालुक्यात?"

"वासबी येत नाही आता," शालूबाई म्हणाल्या. "घ्या, वास घेऊन पाहा!"

"सात पिढ्यायची हाय ताई!" हे नारायणराव. बारवेचं वय त्यांना त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. ज्ञानेश्वरला तर राग आवरेना. बहिणीच्या वेळचा सगळा अपमान त्याच्या कानशिलांत चढला होता. "राहू द्या हो! नसन पाहिजे त नसन. आमाले काही जड नाही झाली ते. आमची बारव आमी सांभाळू. कोणाच्या पाया पडून दाखवायची गरज नाही आमाले!"

"मंग भराव?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

ज्ञानेश्वर अडखळला. त्याच्या मागून पुष्पाबाई म्हणाल्या, "भराव नाही." चारचौघांत त्यांचा आवाज गाव पहिल्यांदाच ऐकत होतं, त्यामुळे सगळे वळले. "ठरावावर सही माही हाय. मी ते रद्द करते. अठी मुरमाचं एक टोपलं पडणार नाही."

"मीबी तेच म्हणून राह्यलो होतो," ज्ञानेश्वर म्हणाला.

पाहुणे निघून गेले. त्यांना चहा मिळाला, पण पोहे आणखी वाढू का, असं कुणी विचारलं नाही. सहदेवराव पायरीवर बसून राहिले. बारव वाचली होती आणि समताबद्दल गावात कुणी एक अक्षर काढत नव्हतं. गावाला आता वेगळाच नकार झोंबला होता. यात आनंद मानायचा की आपल्या सगळ्या भाषणांतलं एक वाक्यही उपयोगी पडलं नाही म्हणून चिडायचं, हे त्यांना ठरवता येईना. म्हणून ते आधी चिडले आणि आनंद मागाहून झाला.

पोळा झाला. बारवेत कुणी साधी पुडी टाकली तरी शालूबाई त्याच्या सात पिढ्या काढत होत्या. "म्हणूनच नकार येते आपल्याले," असं म्हणत त्या पुडी त्यालाच उचलायला लावत. आणि एक दिवस समताच्या मोबाईलवर पुण्याहून निरोप आला. चिंचखेर्डं सगळ्यांना मनापासून आवडलं आहे, लोणारच्या वाटेवर ते कायमचं धरायची आमची इच्छा आहे, गावाची तयारी असेल तर लगेच कळवा.

सहदेवराव मोबाईल घेऊन धावतच बारवेवर गेले. तिथे चार माणसं नेहमीच असत हल्ली. त्यांनी निरोप वाचून दाखवला. "मी लिहून टाकतो, हो म्हणून!"

"थांबा," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "आधी आपल्या अटी सांगा. चपला वर काढायच्या. एका वेळी एकच गाडी. पाण्यात हात घालायचा नाही. अन जेवण आमच्या हातचं, घरून डबे आणायचे नाहीत."

"प्लास्टिक दिसलं त परत पाठवू म्हणा," पुष्पाबाई म्हणाल्या.

"सगळं लिहितो," सहदेवराव म्हणाले. "पण आधी हो त लिहू द्या!"

ज्ञानेश्वरनं त्यांच्या हातातला मोबाईल अलगद काढून घेतला. "मामा, तुमाले काही कळत नाही. असं लगेच हो म्हणत नसतात. आपल्यात काही खोट हाय वाटते समोरच्याले."

"मग काय लिहू?" सहदेवराव तणतणले.

ज्ञानेश्वरनं मोबाईल समताकडे दिला आणि बारवेकडे पाहत म्हणाला, "लिही बाई, घरी इचार करून कळवतो."